२८ अक्षरं, चार वेळा शाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन वर्षं शोदो, म्हणजे कुंचल्याने लिहायची जपानी सुलेखनकला, शिकताय, काइशो म्हणजे सुटी, नीट अक्षरं बऱ्यापैकी जमतात, ग्योशो म्हणजे थोडी वाहती, जोडत जाणारी अक्षरं नुकती सुरू झालीयत. क्लासच्या प्रदर्शनासाठी चांग जीची ‘फूक्यो याहाकु’ ही तांग काळातली कविता हान्सेत्सुवर, म्हणजे साधारण ३५ बाय १३६ सेंटिमीटरच्या उभ्या कागदावर लिहायची आहे, तीही सोशोमध्ये, म्हणजे अगदी धावत्या, संक्षिप्त वळणात. ओळी कशा पाडायच्या, शाई कुठे घ्यायची, शिक्का कुठला लावायचा, आणि चिनी येत नसताना ही कविता लिहिणं कितपत बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. जपानमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ चिनी कविता लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना चिनी बोलता येत नव्हतं. ते ती कविता कुन्दोकु पद्धतीने वाचत. अक्षरं चिनी क्रमाने तशीच ठेवायची, पण वाचताना शब्द मागेपुढे करून, जपानी प्रत्यय जोडून जपानीत म्हणायची. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्हाला हे समजवायला नको. हा अन्वयच आहे, फक्त एका भाषेतून दुसरीत उडी मारणारा. आणि मराठी माणसाला इथे एक आयता फायदा मिळतो. पहिल्या ओळीतली शेवटची तीन अक्षरं चिनी क्रमाने ‘हीव, भरणे, आभाळ’ अशी आहेत. कुन्दोकुत ती ‘शिमो तेन नि मित्सु’ होतात: हीव आभाळात भरलं. हा मराठीचाच क्रम झाला. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती शब्दाच्या मागे चिकटते. माझ्या वर्गात इंग्रजी मातृभाषा असलेले जिथे अडखळतात तिथे आपण सहज चालतो.

तेव्हा कुंचला हातात घेण्याआधी चारही ओळी तोंडपाठ करा.

त्सुकी ओची करासु नाइते शिमो तेन नि मित्सु
कोफू ग्योका शूमिन नि ताइसु
कोसो जोगाइ कान्झान-जी
याहान नो शोसेइ क्याकुसेन नि इतारु

चंद्र मावळतोय, कावळे ओरडतायत, आभाळभर हीव आहे. नदीकाठची झाडं, कोळ्यांच्या होड्यांतले दिवे, आणि त्यांच्यासमोर उदास, धड न लागणारी झोप. गूसू (जपानी उच्चारात कोसो) शहराबाहेरचं हानशान (कान्झान) मंदिर. मध्यरात्री तिथल्या घंटेचा आवाज प्रवाशाच्या नावेपर्यंत येऊन पोचतो. गूसू म्हणजे आजचं सूचौ. मंदिर अजून आहे आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री तिथली घंटा १०८ वेळा वाजते. जपानी लोकांचं या कवितेवर इतकं प्रेम की टोक्योच्या पश्चिमेला ओमेमध्ये, तामा नदीच्या काठी, १९३० साली त्याच नावाचं एक छोटं देऊळ उभं राहिलं. त्या घंटेवरून वादही जुना आहे. अकराव्या शतकात ओउयांग श्यू या विद्वानाने हरकत घेतली होती की ओळ सुंदर आहे, पण मध्यरात्र काही घंटा वाजवायची वेळ नव्हे. नंतरच्यांनी सूचौकडे मध्यरात्री घंटा वाजत असल्याचे दाखले काढून दिले.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे पाठ करायचा हट्ट का धरतेय ते कळेल. शिकायला लागून तिसरं वर्ष होतं. हीच कविता एका प्रदर्शनात लावली होती. अक्षरं चांगली उतरली होती, निदान मला तसं वाटत होतं. एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ समोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “याला डोळा आहे.” मला काहीच कळलं नाही. घरी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. ‘कावळा’ आणि ‘पक्षी’ या अक्षरांत एका रेघेचा फरक आहे. पक्ष्याच्या डोक्यातली एक आडवी रेघ कावळ्यात नसते. कावळा इतका काळा की त्याचा डोळा दिसत नाही, असं त्याचं कारण लोक सांगतात. मी हाताच्या सवयीने पक्षी लिहिला होता. आमच्या कावळ्याचे डोळे आले होते म्हणायचे! ‘करासु’ म्हणत म्हणत लिहिलं असतं तर हात त्या रेघेशी अडला असता. मी आकार उतरवत होते, कविता लिहीत नव्हते.

दुसरा सापळा पाठाचा, म्हणजे कवितेच्या मूळ मजकुराचा. आजच्या जपानी वर्तमानपत्रात दिसणारी अक्षरं दुसऱ्या महायुद्धानंतर सोपी केलेली आहेत. जुनी कविता लिहिताना जुनी रूपं घेतात. या २८ पैकी तीन अक्षरं त्यामुळे बदलतात: ‘भरणे’, ‘समोर असणे’ आणि ‘आवाज’. दोन जुनी आणि एक नवं असं कडबोळं करू नका, परीक्षक आधी तेच पाहतात. चिनी संकेतस्थळावरून सरलीकृत पाठ उचलून संगणकाकडून त्याचं जुनं रूप करून घेणं त्याहून धोक्याचं. सरलीकृत लिपीत ‘घंटा’ आणि ‘मद्याचं पात्र’ ही दोन वेगळी अक्षरं एकाच रूपात मिसळली आहेत, त्यामुळे उलट्या प्रवासात घंटेऐवजी पात्र येऊ शकतं. मग मध्यरात्री मंदिरातून कसला आवाज येतो ते वाचणाऱ्याने ठरवावं. छापील, भाष्यासहित प्रतीवरून पाठ घ्या. पाठभेदही माहीत असू द्या. मंदिरातली प्रसिद्ध शिळा १९०६ मध्ये यू युए या पंडिताने उतारवयात लिहिली. तिचे ठसे जपानमध्ये बऱ्याच घरांत दिसतात. समोरच्या बाजूला नेहमीचा ‘नदीकाठची झाडं’ हा पाठ आहे, पण त्याच शिळेच्या पाठीवर यू युएने ‘नदीकाठचं गाव’ या जुन्या पाठाची बाजू मांडून ठेवली आहे. तुम्ही नेहमीचाच पाठ घ्या.

सोशोबद्दल स्पष्टच सांगते: नको. सोशो म्हणजे भरभर लिहिलेलं ग्योशो नव्हे. मोडी पाहिली असेल तर लगेच कळेल. देवनागरी घाईत खरडली म्हणून मोडी होत नाही, तिची वळणं वेगळी शिकावी लागतात. सोशोतही प्रत्येक अक्षराचं रूप परंपरेने ठरलेलं आहे, आणि एखादा ठिपका हलला की अक्षर दुसरंच होतं. दोन वर्षांच्या हाताने सोशो करायचं म्हणजे अक्षरकोशातून एक रूप चौथ्या शतकातल्या वांग शीचीचं, एक सतराव्या शतकातल्या वांग दुओचं, एक आणखी कुणाचं, असं गोळा करणं. सगळी अक्षरं खरी आणि पान खोटं. ग्योशोत लिहा. दोन-चार अक्षरं अधिक सैल होऊ द्या, तेवढं पुरे. रिन्शोसाठी, म्हणजे जुनं पाहून गिरवण्यासाठी, ‘मी फू’ या चिनी सुलेखनकाराची १०८८ मधली रेशमावरची गुंडाळी घ्या. त्या त्याच्या स्वतःच्याच कविता आहेत, त्यामुळे कवितेचा श्वास हातात कसा उतरतो ते त्यात दिसतं.

रचना. सात अक्षरांच्या चार ओळी हान्सेत्सुवर १४-१४ च्या दोन उभ्या स्तंभांत बसतात, उजवीकडून डावीकडे. डाव्या बाजूला खाली सहीपुरती अरुंद जागा उरते. पहिला स्तंभ १६ आणि दुसरा १२ करून सही त्याखाली घेणं हाही चालणारा प्रकार आहे, पण पहिल्यांदा १४-१४ करा, कारण त्यात प्रत्येक स्तंभाला बरोबर दोन ओळी येतात. आपल्या हाताची एक खोड इथे नडते. आपण शिरोरेघेला अक्षरं टांगत आलो, मोडीत तर रेघ आधी ओढून मग त्याखाली अक्षरं लटकवत. इथे टांगायला काही नाही. अक्षराच्या मधोमध एक अदृश्य कणा असतो आणि सगळी अक्षरं त्यावर ओवायची असतात. मराठी विद्यार्थ्यांचे स्तंभ बहुतेक वेळा वरच्या कडेने सरळ आणि पोटातून वाकडे असतात. कागदाला चौकोनी घड्या पाडू नका. प्रत्येक स्तंभाच्या मध्यावर एकच उभी घडी पुरे. ‘डोंगर’ तीन रेघांचा आणि ‘हीव’ सतरा रेघांचं, दोघांना सारखी खोली दिली की वसतिगृह होतं. डोंगराला कमी उंची द्या, पण त्याच्या भोवती हवा ठेवा.

आता शाई. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कुंचला शाईत बुडवला की पहिलं अक्षर गडद येतं, कागदावर थोडं पसरतं. त्याला निजिमी म्हणतात. मग शाई कमी होत जाते आणि रेघेत कोरडे पांढरे धागे दिसू लागतात, ते कासुरे. पुन्हा कुठे बुडवायचं हे कुंचला सुकला म्हणून ठरत नाही. ते आधी ठरवलेलं असतं. नवशिके बहुधा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बुडवतात: पहिलं, आठवं, पंधरावं, बाविसावं अक्षर. अर्थाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं वाटतं, पण १४-१४ मध्ये पहिलं आणि पंधरावं शेजारी येतात, आठवं आणि बाविसावंही. कागदावर दोन आडवे काळे पट्टे उमटतात आणि पान झेब्र्यासारखं दिसतं.

एकदा पेन्सिलीने शेजारी शेजारी अर्थ मांडून पाहा. पहिल्या ओळीशेजारी तिसरी येते, दुसरीशेजारी चौथी. ‘हीव’च्या डाव्या हाताला ‘थंड’ येतं, म्हणजे हानशानमधलं पहिलं अक्षर. ‘उदास’च्या शेजारी ‘प्रवासी’. ‘कोळ्यांचे दिवे’ या दोन अक्षरांच्या बरोबर शेजारी ‘घंटेचा आवाज’. डोळ्यांना दिसणारं आणि कानांना ऐकू येणारं एका पातळीवर. चांग जीने हे कागदावर असं बसेल म्हणून लिहिलेलं नाही, हा १४-१४ चा प्रसाद आहे. पण मिळालाय तर वापरा.

मी बुडवते ती अशी. ‘चंद्र’वर भरपूर शाई. ती पहिल्या ओळीतल्या ‘आभाळ’पर्यंत, सात अक्षरं, पुरवायची. मग ‘नदी’वर दुसऱ्यांदा. ही खेप लांब आहे. झाडं, दिवे, उदास झोप, आणि तिथून दुसऱ्या स्तंभाच्या माथ्यावरचं ‘गूसू’ सुद्धा, अशी नऊ अक्षरं. उदास झोप कोरडी पडते, पडू द्या. आणि ‘गूसू’ फिकं आल्यामुळे शेजारच्या गडद चंद्राला मोकळीक मिळते. तिसऱ्यांदा ‘शहर’वर: शहराबाहेर, हानशान मंदिर, मध्यरात्र, सात अक्षरं. इथे काहीजण माझ्याशी भांडतील, गाव आणि त्याचं शहर का तोडलंस म्हणून. ऐकायला जरा तुटतं हे खरं, पण डोळ्यांसाठी हा तोटा मी पत्करते. ‘मध्यरात्र’ची दोन अक्षरं अगदी विझत आलेली असावीत. आणि मग चौथ्यांदा ‘घंटा’. अक्षर रेघांनी भरलेलं, शाई ताजी, शेजारचे कोळ्यांचे दिवे एव्हाना मध्यम झालेले. उरलेली चार अक्षरं, आवाज नावेपर्यंत पोचेस्तोवर, विरत जातात. ७, ९, ७, ५. घंटेचा ठोका पडतो आणि लांबत जातो, तो हाच.

नऊ अक्षरं एका बुडवणीत पुरत नाहीत अशी तक्रार येईल. तो बहुधा कुंचल्याचा प्रश्न असतो. लांब केसांचा, बकरीच्या केसांचा कुंचला घ्या, त्याच्या पोटात शाई राहते. हिरोशिमाजवळच्या कुमानोचे मिळाले तर उत्तम. जपानमधले बहुतेक कुंचले तिथलेच. दुसरं कारण हवा. पुण्यात एप्रिलमध्ये कुंचला वाटेतच सुकतो. जुलैत कागद ओल धरतो आणि पहिलं अक्षर डबक्यासारखं पसरतं. माझी मोजणी जपानमधल्या नारा शहरातल्या एका खोलीतली आहे. तुमच्याकडे चारऐवजी पाच वेळा बुडवावं लागलं तर बुडवा, फक्त ‘घंटा’ सोडू नका. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि शाई जरा दाट करा.

शाईची कांडी, म्हणजे दगडावर पाण्यात घासून जिची शाई करतात ती, नाराची घ्यावी असं मी म्हणणारच, राहतेच तिथे. पण कारणही आहे. जपानी कांड्यांपैकी बहुतांश इथेच होतात. १५७७ पासून चालू असलेलं एक घराणं अजून आहे. काजळी आणि प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचा सरस मळून कांडी बनते, आणि सरस उन्हाळ्यात नासतो म्हणून हे काम थंडीतच चालतं. हाच सरस तुमच्या घरी घासून ठेवलेल्या शाईतही असतो. पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळी घासलेली शाई दुसऱ्या दिवशी वास मारते. ती ओतून टाका. बोअरिंगचं जड पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी काजळीचे बारीक गोळे होतात. फिल्टरचं पाणी चालेल. घासताना जोर नको. जुनं वचन आहे की शाई आजाऱ्यासारखी घासावी आणि कुंचला पहिलवानासारखा धरावा. लोक नेमकं उलट करतात.

चुकलं तर काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. दिलासा हवा असेल तर थोर लोकांची पानं पाहा. चिनी कवी सू शीने १०८२ मध्ये हद्दपारीत असताना लिहिलेली ‘थंड अन्नाच्या दिवसा’च्या कवितांची गुंडाळी तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. मधल्या काळात ती जपानमध्ये होती आणि १९२३ च्या कांतो भूकंपाच्या आगीतून मालकाने जिवावर उदार होऊन तिला बाहेर काढलं. तिच्यात जादा पडलेल्या अक्षराच्या कडेला ठिपके देऊन ते रद्द केलेलं आहे आणि राहून गेलेलं बारीक लिहून घुसवलेलं आहे. त्या कवितेतही कावळा आहे, चोचीत कागद धरलेला. त्या ‘कागद’ अक्षराची शेवटची उभी रेघ सू शी खाली ओढतच नेतो. जपानी सुलेखनकार ओनो नो मिचिकाझेने ९२८ मध्ये राजवाड्यातल्या पडद्यांसाठी चिनी धाटणीच्या कवितांचा जो कच्चा मसुदा लिहिला, त्यातही बाजूला बारीक अक्षरांत दुरुस्त्या आहेत. आणि दुसरा जपानी सुलेखनकार फुजिवारा नो युकिनारी याने १०१८ मध्ये चिनी कवी बाई जूयीच्या कविता लिहून झाल्यावर शेवटी नोंद करून ठेवली आहे की पोथ्या करणाऱ्या कारागिराच्या कुंचल्याने लिहिलंय, रेघा जागेवर पडल्या नाहीत, पुढे पाहणाऱ्यांनी हसू नये. ते पान आज टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून आहे.

पण हे तुम्ही भिंतीवर लावायचं निमित्त करू नका. अक्षर सुटलंच तर शेवटी बारीक लिहून नोंदवायची जुनी रीत आहे खरी, तरी प्रदर्शनासाठी दुसरा कागद घ्या. मी या कवितेला साठ-सत्तर कागद घालते आणि बहुधा चाळिसाव्याच्या आसपासचा निवडते. शेवटचे फार शहाणे झालेले असतात. निवडताना कागद उलटा टांगून लांबून पाहा. अक्षरं वाचता येत नाहीत, फक्त काळं-पांढरं दिसतं आणि झेब्रा असेल तर तो पकडला जातो.

सुरकुत्या पडतील, त्यांना इस्त्री लावू नका. कागदाला मागून खळीने दुसरा कागद चिकटवला, म्हणजे उराउची केली, की त्या जातात. फ्रेम त्यानंतर. बाटलीतली शाई वापरली असेल तर ती लहान मुलांची धुतली जाणारी नाही ना ते पाहा, खळीच्या ओलीत ती वाहून जाते.

सही, म्हणजे राक्कान. आधी कवीचं नाव ‘चांग जीची कविता’ असं, मग तुमचं नाव आणि ‘लिहिलं’ हे अक्षर. मुख्य अक्षरांपेक्षा स्पष्टपणे लहान. नावाखाली दोन शिक्के चालतात. वरचा पांढऱ्या अक्षरांचा खऱ्या नावाचा, खालचा लाल अक्षरांचा टोपणनावाचा. टोपणनाव गुरू देतात, स्वतः घेऊ नका. ते मिळेपर्यंत एकच शिक्का पुरतो. उजवीकडे वर लावायचा तिसरा शिक्का सध्या विसरा.

मराठी नावाला आवाजावरून चिनी अक्षरं जोडायचा मोह होतो. ‘सचिन’चे तीन-चार तुकडे करून त्यांचा अर्थ कुठल्या कुठे जातो. मी तसं केलं नाही. माझ्या नावाचा शिक्का मी स्वतः मऊ दगडावर देवनागरीत कोरला आहे, चौकोनात बसवलेला, पांढऱ्या अक्षरांचा. माझ्या गुरूंनी तो बराच वेळ फिरवून पाहिला आणि रेघेवर टांगलेली ही अक्षरं चौकोनात छान बसतात म्हणाले. शिक्का उलटा कोरावा लागतो हे लक्षात ठेवा. पहिल्या दगडावर मी वेलांटी सरळ कोरली होती, ती ठशात अक्षराच्या भलत्याच बाजूला गेली.